मेंदूतली प्रथिने ‘गंजतात’ का?

प्रश्न असा: अल्झायमरवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘मेंदूतली प्रथिने गंजतात’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘ऑक्सिडेशन’ला (ऑक्सिजनसारख्यांच्या माऱ्याने पदार्थात होणारा रासायनिक बदल) ऑक्सिडीकरण लिहायचं की ऑक्सिडीभवन?

दुसरं आधी घेतो. दोन्ही बरोबर. ही संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाची घडण, जे नव्हतं ते झालं या अर्थाची. कोणी केलं तर ‘-करण’ (शुद्धीकरण, राष्ट्रीयीकरण), आपसूक झालं तर ‘-भवन’ (बाष्पीभवन). पेशीतलं प्रथिन कोणी ठरवून बिघडवत नाही, म्हणून मी ऑक्सिडीभवन लिहीन. (पांढऱ्या पेशी जंतू मारायला मुद्दाम ऑक्सिडेशनचा मारा करतात, तिथे ‘-करण’ खुशाल वापरा.)

‘गंजणे’ मात्र मला खटकतं. रसायनशास्त्राची हरकत नाही, लोखंडाचा गंज म्हणजे ऑक्सिडीभवनच. हरकत मराठीची आहे. आपल्याकडे गंजते ती पडून राहिलेली विळी. ‘डोक्याला गंज चढलाय’ म्हणजे डोकं वापरत नाही. मेंदूत तर उलटं घडतं. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के भरणारा हा अवयव, आपण स्वस्थ बसलेलो असतानाही, शरीर वापरतं त्या ऑक्सिजनमधला सुमारे २० टक्के वाटा एकटा वापरतो. त्या उलाढालीत काही आक्रमक रेणू निसटतात आणि प्रथिनांवर तुटून पडतात. ही झीज राबण्याची आहे. रुग्णाच्या मुलीने ‘गंजला’ वाचलं तर तिला वाटायचं, बाबांनी शब्दकोडी सोडवली नाहीत म्हणून हे झालं.

त्यापेक्षा स्वयंपाकघरात जा. जुने शेंगदाणे खवट होतात, तेही मेदाचं ऑक्सिडीभवनच. मेंदूत मेद भरपूर. तो असा ‘खवटला’ की त्यातून निघालेले अल्डिहाइड नावाचे रेणू शेजारच्या प्रथिनांना चिकटतात. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तिथे बाधतो तो धातू. रसायन तेच नाही, पण धातूची संगत नडते एवढं साम्य आहे: पेशीत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडला सुटं लोह किंवा तांबं भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा फार आक्रमक कण तयार होतो. पार्किन्सनमध्ये (हातापायांना कंप आणणारा मेंदूचा आजार) मेंदूच्या ज्या काळसर भागातल्या पेशी मरतात, तिथे लोह वाढलेलं आढळतं.

आणखी एक फरक. गंज घासून निघतो. ऑक्सिडीभवनाने प्रथिनावर कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) बसला की सहसा परतीची वाट नसते. पेशी ते प्रथिन तोडून टाकते. फारच गुंतलेलं असेल तर तेही जमत नाही आणि गठ्ठे साचतात. (प्रथिनातलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल ऑक्सिडीभवनाने बिघडलं तर तो एक अपवाद, त्याची डागडुजी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीत असतं.)

तेव्हा ‘ऑक्सिडीभवनाने प्रथिने बिघडतात’ असं साधं लिहा, उपमा हवीच तर कळकण्याची द्या. आणि ‘अल्झायमरमध्ये ऑक्सिडीभवन’ लिहा, ‘ऑक्सिडीभवनामुळे अल्झायमर’ नको. बिघाड आधी की आजार आधी, हा वाद मिटलेला नाही. पार्किन्सनच्या एका मोठ्या चाचणीत ऑक्सिडीभवन रोखणारं ई जीवनसत्त्व देऊनही आजाराची चाल मंदावली नव्हती.