विजापूरकडची जुनी गाडी घेताना
भावा, केए-२८ पासिंगची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच इसार देऊ नकोस. आधी सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज, बघ. माझ्या पहिल्या ट्रकवर जुन्या मालकाचं कर्ज निघालं. चार महिने गाडी सोलापुरात होटगी रोडला उभी, माझे हप्ते मात्र चालूच. फायनान्सचा कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे सोडायचे नाहीत. एमएच-१३, म्हणजे सोलापूर पासिंग, करताना लागणारा टॅक्सही भावात धर.

चासी नंबर डिझेलच्या फडक्यानं पुसून बोटानं चाचप. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या रेघा किंवा ताजा रंग दिसला की तिथूनच परत फीर. इंजिन सकाळी थंड असतानाच चालू करायला लाव. आणि मिस्त्री आपला ने, दलालाचा नको.