फिल्म कॅमेऱ्यावर ऑटो फ्लॅश लावला की चेहरे पांढरेफटक का येतात?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पेंटॅक्स के१०००, ५० मिमीची एफ/२ लेन्स, २०० आयएसओचा कलर निगेटिव्ह रोल, आणि वर कुणीतरी दिलेला जुना ऑटो फ्लॅश, ज्याच्या मागे लाल आणि निळा ठिपका आहे. रात्री घरात फोटो काढताना मीटरची सुई खाली पडलेली होती. ती मध्यावर येईपर्यंत तुम्ही ॲपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) उघडत एफ/२ पर्यंत गेलात आणि शटर १/३० वर आणलंत. रोल धुवून आला तर चेहरे पांढरेफटक. मग थोडा प्रकाश कमी करावा म्हणून शटर १/१२५ केलंत, तर अर्धी फ्रेम काळी. फ्लॅश बिघडला आहे का, असं विचारलं आहे.

फ्लॅश ठणठणीत असावा. घोळ सुईने केला आहे.

ती सुई खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश मोजते. फ्लॅश अजून उडालेलाच नसतो, तर तो तिला दिसणार कसा? तुमच्या कॅमेऱ्याला आपल्या डोक्यावर फ्लॅश बसला आहे हेसुद्धा माहीत नाही. हॉट शूमधून (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) फक्त ‘आता उड’ एवढाच निरोप जातो. किती उडायचं ते फ्लॅश स्वतः ठरवतो. त्याच्या तोंडाखाली समोरच्या बाजूला एक बारीक भोक किंवा काचेचा ठिपका दिसेल. तो सेन्सर. फ्लॅशचा प्रकाश समोरच्या माणसावर आपटून परत आला की सेन्सर तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश मध्येच तोडतो. हे सगळं इतक्या झटक्यात होतं, की माणूस अगदी जवळ असेल तर लखलखाट १/३०००० सेकंदात आटपतो.

आता ‘पुरेसा’ म्हणजे किती? ते ॲपर्चरवर अवलंबून, आणि तुमच्या लेन्सवर कोणतं ॲपर्चर आहे हे सेन्सरला समजायला मार्ग नाही. म्हणून ते ठिपके. फ्लॅशच्या मागच्या चकतीवर आधी आयएसओ २०० लावा. मग तक्त्यात बघा: समजा लाल म्हणजे एफ/४ आणि निळा म्हणजे एफ/८ निघाला (रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा तुमच्याच तक्त्यावर विश्वास ठेवा). निळा निवडलात की लेन्सवर हाताने एफ/८ करायचं. म्हणजे ऑटो फ्लॅशमध्ये निरोप्याचं काम आपल्याकडे असतं: एकच आकडा दोन ठिकाणी लावायचा. तुम्ही फ्लॅश निळ्यावर ठेवून लेन्स एफ/२ केली असणार. एफ/८ पेक्षा एफ/२ मधून सोळापट प्रकाश आत येतो. चेहरे पांढरे होणारच. सुई खाली पडलेली असली तरी पडू दे.

अर्ध्या काळ्या फ्रेमचं कारण वेगळं. के१००० चं शटर म्हणजे फिल्मसमोरून आडवे सरकणारे दोन कापडी पडदे. १/६० पर्यंत एक क्षण असा येतो की पहिला पडदा पूर्ण उघडलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. फ्लॅश नेमका तेव्हा उडतो. १/१२५ ला दुसरा पडदा आधीच वाटेत आलेला असतो, त्याच्यामागची फिल्म काळोखात राहते. ही जी १/६० ची हद्द, तिलाच सिंक स्पीड म्हणतात. ऑलिंपस ओएम-१ आणि कॅनन एई-१ वरही तो १/६० आहे, निकॉन एफएमवर १/१२५. यशिका मॅट १२४जी सारख्या लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही कटकट नाही, ते १/५०० लाही चालतात. मात्र तिथे एम आणि एक्स अशी कळ असेल तर ती एक्सवरच हवी. एम जुन्या जळणाऱ्या बल्बसाठी आहे. त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडून मोकळा होतो.

रोल वाया न घालवता हे डोळ्यांनी बघता येतं. कॅमेरा रिकामा असताना फ्लॅश लावून चालू करा, मागचं दार उघडा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करा आणि मागून शटरमधून बघत बटण दाबा. १/६० ला उजळलेला अख्खा आयत दिसेल. १/१२५ ला त्याचा एक तुकडाच दिसेल.

सिंक स्पीडपेक्षा हळू मात्र खुशाल जा. शटरचा फ्लॅशच्या प्रकाशावर काही परिणाम होत नाही, कारण फ्लॅश त्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो. शटर बदलल्याने फक्त खोलीचा प्रकाश कमीजास्त होतो. एफ/८ आणि १/६० ला माणूस उजळ आणि मागे काळोखाची गुहा असा जो फोटो येतो, तो टाळायचा तर लाल ठिपका, एफ/४ आणि १/१५ करून बघा. मागची खोली जिवंत होते. पिवळे दिवे असतील तर मागचा भाग नारिंगी येईल, मला तो आवडतो.

आता सेन्सरबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढचे रोल तिथेच फसतात. सेन्सर अडाणी आहे. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. पांढऱ्या भिंतीला टेकून पांढरा शर्ट घातलेला माणूस असेल तर भरपूर प्रकाश परत येतो, सेन्सर लवकर तोडतो आणि चेहरा काळवंडतो. उलट, रात्री अंगणात एकटा माणूस लांब उभा असेल तर मागच्या अंधारातून काहीच परत येत नाही, सेन्सर वाट बघत बसतो आणि बिचाऱ्याचा चेहरा जळतो. पहिल्या वेळी लेन्स एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी) उघडायची, दुसऱ्या वेळी एक स्टॉप बंद करायची. फ्लॅशला हात लावायचा नाही. आरसा, खिडकीची काच किंवा फ्रेमच्या कडेला जवळ असलेला कुणाचा खांदा यांनीही तो हमखास फसतो. लेन्सवर पिवळा किंवा पोलरायझर फिल्टर असेल तर त्याने खाल्लेला प्रकाश सेन्सरला कळत नाही, तोही हिशोब आपणच करायचा.

माझा एक अख्खा रोल असाच गेला. फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता सिंक कॉर्डने (फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणारी तार) डाव्या हातात धरला होता, आणि माझं बोट आरामात सेन्सरवर टेकलेलं होतं. सेन्सरला काही दिसेना, म्हणून फ्लॅश दर वेळी पूर्ण ताकदीने उडत होता. लाज याची वाटते, की त्याने मला सांगितलंही होतं. फ्लॅश उडाल्यावर चार्ज होताना जी बारीक शिट्टी येते, ती दर वेळी आठ-दहा सेकंद चालू होती. थायरिस्टर असलेले ऑटो फ्लॅश उरलेली वीज पुढच्या फोटोसाठी राखून ठेवतात (त्याआधीचे फ्लॅश ती फुकट जाळून टाकत), त्यामुळे माणूस दोन मीटरवर असेल तर शिट्टी पटकन थांबून दिवा लागायला हवा. तेव्हापासून मी कान देते. जवळच्या फोटोनंतर लांब शिट्टी आली तर काहीतरी झाकलं गेलं आहे. लांबच्या फोटोनंतर आली तर प्रकाश बहुधा पुरलेला नाही.

पुरतो किती, ते गाईड नंबरवरून, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्यावरून काढा. फ्लॅशवर २८ लिहिलं असेल तर तो बहुतेक आयएसओ १०० साठी मीटरमध्ये असतो. २०० च्या रोलला दीडपटीच्या जरा खाली, म्हणजे ४० धरा. ४० ला ॲपर्चरने भागा: एफ/८ ला ५ मीटर, एफ/४ ला १० मीटर. त्यापलीकडे सेन्सरने कितीही वाट पाहिली तरी टाकीत पाणीच नाही. काही फ्लॅशवर पुरेसा प्रकाश परत आला की क्षणभर हिरवा दिवा लागतो. तुमच्यावर असेल तर ती फार मोलाची गोष्ट आहे: टेस्ट बटणाने एकदा उडवा, हिरवा लागला तरच फिल्म खर्च करा. आणि चार्जचा नारिंगी दिवा लागल्या लागल्या दाबू नका, तो थोडा आधीच लागतो. दोन-चार सेकंद थांबा.

डोकं वर वळणारा फ्लॅश असेल तर छतावर मारून बघा. सेन्सर माणसाकडेच बघत राहतो, त्यामुळे प्रकाश छतावरून फिरून आला तरी ऑटोचा हिशोब आपोआप जुळतो. छत पांढरं आणि फार उंच नसलेलं हवं, आणि लाल ठिपका, एफ/४, कारण वाटेत निदान दोन स्टॉप जातात. चेहऱ्यावरचा तो चपटा, तेलकट उजेड जातो. समोरून थेट मारलेला फ्लॅश मी आता नाइलाज असेल तरच वापरते.

संध्याकाळी उजेडाकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा असेल, तेव्हा मात्र सुईचं ऐकायचं. मागच्या आकाशासाठी १/६० ला एफ/११ आलं, तर लेन्स एफ/११ आणि फ्लॅश निळ्यावर, एफ/८. फ्लॅश गरजेपेक्षा एक स्टॉप कमी उडतो, चेहरा उजळतो आणि फ्लॅश मारल्यासारखा दिसत नाही.

फ्लॅश बरीच वर्षं पडून असेल तर पहिल्यांदा वीसेक मिनिटं नुसता चालू ठेवा, मग पाच-सहा वेळा उडवा. आतला वीज साठवणारा कपॅसिटर आळसावलेला असतो. तो उघडून बघायचा मोह मात्र नको, आत ३०० व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि सेल काढल्यावरही तो राहतो. हाच फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी २०० व्होल्टपेक्षा जास्त असतात. के१००० ते सहन करतो, डिजिटलच्या आतलं सर्किट जळू शकतं.

आणि त्या पांढऱ्याफटक फोटोंच्या निगेटिव्ह टाकू नका. खिडकीसमोर धरून बघा: चेहरे गडद, जाड दिसत असले तरी डोळ्यांच्या आणि ओठांच्या रेषा त्यात दिसत असतील, तर पुन्हा नीट स्कॅन करून घ्या. कलर निगेटिव्हला जास्तीचा प्रकाश बराच पचतो, चार स्टॉपनंतरही पुष्कळदा चेहरा परत मिळतो. अर्ध्या काळ्या फ्रेमचं काही होणार नाही, तिथे फिल्मवर काही उमटलेलंच नाही.