‘क्रेडिट’ जमेचे की उधारीचे?

प्रश्न : कापसाचा चुकारा खात्यात आला की पासबुकात ‘क्रेडिट’ असे छापून येते, आणि पेरणीसाठी कर्ज काढतो त्या कार्डाचे नावही ‘किसान क्रेडिट कार्ड’ असेच आहे. एकच शब्द जमेला आणि उधारीला कसा चालतो? तो मूळचा कुठला?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेत ‘क्रेडेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे, भरवशावर सोपवणे. त्यावरून ‘क्रेडिटुम’, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू किंवा रक्कम. इटालियन आणि फ्रेंचमधून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला.

ज्या लॅटिन धातूपासून हा शब्द झाला, तो आणि आपला ‘श्रद्धा’ हा शब्द सख्खे भाऊबंद आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर एक स्वतंत्र सूक्तच आहे. मात्र म्हणून लॅटिन संस्कृतातून निघाली, असे मोबाइलवर फिरणारे निष्कर्ष कोणी काढू नयेत; दोन्ही भाषा एकाच जुन्या मूळ भाषेच्या शाखा आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

आता आपला पेच. कोणी कोणावर विश्वास टाकला, एवढे पाहिले की तो सुटतो. किसान क्रेडिट कार्डात, म्हणजे 1998 साली सुरू झालेल्या योजनेत, पीक निघाल्यावर कास्तकार परतफेड करील असा भरवसा बँक धरते. मराठीत या अर्थाला ‘पत’ हा नेमका शब्द आहे. पतपुरवठा, पतसंस्था हे त्यातूनच आले. पासबुकात मात्र बाजू उलटते, कारण ते बँकेच्या वहीतले आपले पान असते. चुकारा जमा झाला की आपण बँकेवर विश्वास टाकून रक्कम तिच्या हाती दिली आणि बँक आपले देणे लागली, म्हणून तेथे ‘क्रेडिट’. ‘डेबिट’ हाही लॅटिनच. त्याच्या मुळाशी ‘देणे लागणे’ हा अर्थ आहे. जुन्या वह्यांत आपण ‘जमा’ आणि ‘नावे’ लिहीत असू, तीच ही जोडी.

कर्जखात्याचा उतारा काढून पाहिल्यास तेथे उचल केलेली रक्कम ‘डेबिट’खाली आणि भरलेला हप्ता ‘क्रेडिट’खाली दिसेल, कारण त्या पानावर देणेकरी आपण असतो.