जपानी ‘दान्ना’ आणि आपले ‘यजमान’

प्रश्न असा आहे : ‘एका जपानी कादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यातलं एक पात्र स्वतःला “मुशूक्यो” म्हणवतं, पण नव्या वर्षाला देवदर्शनाला जातं आणि घरी बुद्धाचं देवघरही आहे. “निधर्मी” लिहू की “नास्तिक”?’

दोन्ही नको. ‘नास्तिक’ तर सोडाच, हे पात्र देवापुढे हात जोडतं. ‘निधर्मी’ मात्र प्रवासवर्णनांत इतक्यांदा वाचावा लागतो की वैताग येतो. एका परिच्छेदात ‘जपानी माणूस निधर्मी’ असं ठोकून द्यायचं आणि पुढच्याच परिच्छेदात क्योतोच्या देवळांतली गर्दी रंगवायची! ‘शूक्यो’ हा शब्द मुळात चिनी बौद्ध ग्रंथांतला, अर्थ पंथाची शिकवण. मेइजी काळाच्या (१८६८-१९१२) सुमारास पाश्चात्त्यांच्या ‘रिलिजन’ला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा तो पुढे आला. त्यामुळे एक पंथ, एक ग्रंथ, एक निष्ठा असा भाव त्याला चिकटला. आपल्या ‘धर्मा’साठी जपानीत निराळाच शब्द आहे, ‘हो’. तेव्हा ‘मुशूक्यो’ म्हणजे ‘मी कुठल्या पंथात नाही’, एवढंच. रीतिभाती पाळत नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता खरा शब्द. तुमच्या कादंबरीत कुणी बायको नवऱ्याचा उल्लेख ‘दान्ना’ असा करते का, ते बघा. हा ‘दान्ना’ म्हणजे आपलं संस्कृत ‘दान’. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलं, तिथे चिनी अक्षरांत ध्वनीनुसार लिहिलं गेलं आणि तसंच जपानला पोचलं. आधी दान देण्याची क्रिया, मग दान देणारा, म्हणजे मठाचा पोशिंदा. पुढे नोकरांच्या तोंडी मालक, दुकानदाराच्या तोंडी गिऱ्हाईक आणि शेवटी बायकोच्या तोंडी नवरा.

हा प्रवास ओळखीचा वाटत नाही? यज्ञ करवणारा, भटजींना दक्षिणा देणारा तो यजमान. मग घरचा धनी तो यजमान. आणि ‘आमचे यजमान बाहेरगावी गेलेत’ म्हणते ती बाई कुठल्या यज्ञाबद्दल बोलत नसते! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता धर्मकृत्याचा खर्च उचलणाऱ्याला नवरा करून टाकलं. शब्दांच्या नादात इतकी वर्षं गेली, पण याहून सुंदर जोडी मला सापडलेली नाही.

काही हौशी मंडळी ‘दान्ना’चं मूळ थेट गेशांच्या आश्रयदात्यात शोधतात. तो अर्थ आहे, पण ती फांदी आहे, खोड नव्हे. ‘दान्नादेरा’ म्हणजे घराण्याचं ठरलेलं बौद्ध मंदिर आणि ‘दान्का’ म्हणजे त्या मंदिराशी बांधलेलं घराणं, हे शब्द डोळ्यांसमोर असताना गेशांच्या वस्तीत कशाला शिरायचं? ‘दान्ना’ आणि आपला ‘धनी’ एकच, असं सांगणाऱ्यांना तर उत्तर द्यायचीही गरज नाही. ‘धन’ वेगळं, ‘दान’ वेगळं.

माझं मत असं, की हा शब्द घराघरांत घट्ट बसला तो तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे मेइजीच्या आधीच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, काळात. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि १६३७-३८च्या शिमाबाराच्या, मुख्यतः ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या, उठावानंतर ती फारच कडक झाली. आपण ख्रिस्ती नाही, असा दाखला प्रत्येक घराला बौद्ध मंदिराकडून घ्यावा लागे. कुटुंबातल्या माणसांच्या नोंदी त्यासाठीच्या वह्यांत होत. नागासाकीकडच्या छुप्या ख्रिस्ती लोकांनाही मंदिरात नाव घालावं लागलं. ते कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, मूर्तीत मेरीला पाहत राहिले. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळच्या देवधर्माच्या, पुजाऱ्यांच्या घरांचेही अंत्यविधी बहुतेक ठिकाणी बौद्ध भिक्षूच करत. विश्वास कशावर, हे दाखल्यात महत्त्वाचं नव्हतं. घर कुठल्या मंदिराला लागतं, ते महत्त्वाचं होतं.

आणि शिंतो देवस्थानाशी नातं वेगळ्याच वाटेनं येतं. त्या देवस्थानाच्या लोकांना ‘उजिको’ म्हणतात, आणि हे नातं मुख्यतः राहत्या जागेवरून ठरतं, आपल्या ग्रामदैवतासारखं. एक नातं मातीचं, दुसरं पितरांचं. मग भांडण होणार कुठे? संस्कृतिविषयक सरकारी खातं दरवर्षी धार्मिक संस्थांकडून अनुयायांचे आकडे घेतं, त्यांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून खूप जास्त भरते. त्यात चूक काही नाही, एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो.

जुन्या वळणाच्या घरात हे नीट दिसतं. वर छताजवळ ‘कामिदाना’, शिंतो देवांची फळी : तांदूळ, मीठ, पाणी, साकाकीच्या हिरव्या डहाळ्या. खाली ‘बुत्सुदान’, बौद्ध देवघर, त्यात पितरांच्या नावांच्या उभ्या पाट्या, उदबत्ती, भाताची वाटी. घरात कुणी गेलं की कामिदानाच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवतात. सुतक शिंतो देवांना चालत नाही. रूढीनं साधारण ५० दिवस तो कागद तसाच राहतो. त्या काळात मृताचं सगळं बुत्सुदानाकडे, आणि ४९व्या दिवशी भिक्षू येऊन सूत्रपठण करतो. याला ‘दोन धर्मांची भेसळ’ म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा नीट पाहावा. देवाचं काय आणि मृताचं काय, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला चोख ठाऊक असतं.

सरमिसळ झाली होती ती देवळांतच. हजारएक वर्षं एकाच आवारात कामी, म्हणजे शिंतो देव, आणि बुद्ध दोघेही पुजले जात. १८६८ साली मेइजी सरकारनं हुकूम काढून ते वेगळे केले, आणि पुष्कळ ठिकाणी बौद्ध मूर्ती, ग्रंथ लोकांनी फोडले-जाळले. तोक्योजवळच्या एनोशिमा बेटावरच्या बेन्तेनचं, म्हणजे आपल्या सरस्वतीचं, स्थान तेव्हाच अधिकृतपणे शिंतो देवस्थान झालं. सरस्वती तिथे आजही आहे.

तुमच्या वाक्यात ‘मी कुठल्या पंथाबिंथाचा नाही’ असं सरळ बोलीतलं लिहा. आणि ‘दान्ना’ आला तर ‘नवरा’ लिहून वाया घालवू नका, ‘यजमान’च लिहा.