क्लिनिकचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

एका जिल्ह्याच्या शहरातून 32 वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. आहारशास्त्रात एम.एस्सी., त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळवलेलं 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन), आणि एका खासगी रुग्णालयात 4 वर्षं 5 महिने नोकरी. मूळ पगार 24,000, हातात 42,000. पतीच्या हातात 48,000 येतात. घरकर्जाचा हप्ता 21,000, घरखर्च 38,000. चार वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई सोबत राहतात. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन स्वतःचं डाएट क्लिनिक काढायचं आहे, भांडवल 6 लाख. प्रश्न एवढाच, की "उरलेली साडेतीन लाखांची एफडी मोडू की दागिन्यांवर गोल्ड लोन घेऊ?"

आणि पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता: "निवृत्तीची काळजी मिटली आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सांगण्यावरून दीड लाखाची एक एफडी मोडून पेन्शनसाठी गॅरंटीड प्लॅन घेतला. कागद 12 दिवसांपूर्वी आले."

ताई, एफडी आणि गोल्ड लोनचं बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटून दुसरी, पॉलिसीची आहे. म्हणूनच हे उत्तर इथे छापण्याआधी तुम्हाला मेलनं पाठवलं. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत, पटली नाही म्हणून पॉलिसी परत करता येते. विमा नियामकाचा तसा नियम आहे आणि त्याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात. म्हणजे तुमचे दीड लाख जवळजवळ पूर्ण परत येतील. तुमच्याकडे 18 दिवस होते, आता त्याहून कमी उरले असतील.

कागद मी पाहिले. वर्षाला 1,50,000 असे 12 वर्षं, म्हणजे 18 लाख भरायचे. विसाव्या वर्षाअखेर 36 लाख मिळणार. "दुप्पट, तेही गॅरंटीड" असं तुम्हाला सांगितलं गेलं. दुप्पट हे खरंच आहे, पण किती वर्षांनी? तुमचा सरासरी रुपया तिथे साडेचौदा वर्षं अडकून पडतो. साडेचौदा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्याही किंचित खाली. हेच दीड लाख 12 वर्षं पीपीएफमध्ये भरले, पंधराव्या वर्षी खातं पाच वर्षांसाठी वाढवलं आणि आजचा 7.1 टक्के दर कायम राहिला असं धरलं, तर विसाव्या वर्षी साधारण 50 लाख होतात. दर तिमाहीला ठरतो, खाली येऊ शकतो. तरीही 36 आणि 50 यांच्यात 14 लाखांचं अंतर आहे, आणि पीपीएफलाही सरकारची हमी आहे. ज्या माणसानं एफडी मोडायला लावून हे विकलं, त्याच्या डोळ्यापुढे तुमची निवृत्ती नव्हती, महिन्याचं टार्गेट होतं.

शिवाय ही पेन्शनही नाही. विसाव्या वर्षी एकरकमी पैसे मिळतात आणि योजना संपते. तेव्हा तुम्ही 52 वर्षांच्या असाल. विमा म्हणूनही ती तोकडी आहे, 15 लाखांचं संरक्षण. घरकर्ज आणि लहान मुलगी असलेल्या घराला ते पुरणार नाही. एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या बाईला साधारण वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो.

परताव्यापेक्षाही मला जास्त चिंता वाटते ती हप्त्याची. ही पॉलिसी वर्षाला दीड लाख मागणार, म्हणजे महिन्याला 12,500. आणि ती तुम्ही अशा वेळी घेतली, की पुढच्याच महिन्यात तुमचा पगार थांबणार आहे. पीपीएफमध्ये ओढाताणीच्या वर्षी 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. इथे दुसऱ्या वर्षीचा हप्ता चुकला तर हाती येईल ती रक्कम भरलेल्या दीड लाखापेक्षा खूप कमी असेल. स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसानं ठरलेल्या तारखेचं, न बदलणारं ओझं अंगावर घ्यायचंच नसतं. घरकर्ज आहे तेवढं पुरे.

तेव्हा आजच करा. विमा कंपनीच्या शाखेत किंवा तिच्या अधिकृत ईमेलवर फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज द्या, सोबत पॉलिसी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक. पोच घ्या. मॅनेजरला भेटायला जाऊ नका. तो "एक वर्ष तरी ठेवा मॅडम" म्हणेल आणि त्या गप्पांत तुमचे दिवस जातील. कंपनीनं टाळाटाळ केली तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आता क्लिनिक. मी विरोधात नाही, पण तुमचा हिशेब तपासून घेऊ.

तुम्ही लिहिता, 3 महिन्यांचं पॅकेज 3,000 रुपयांना, महिन्याला नवे 40 क्लायंट, म्हणजे 1,20,000. दर महिन्याला 40 नवे म्हणजे चौथ्या महिन्यापासून एका वेळी 120 माणसं हाताखाली. प्रत्येकाशी आठवड्याला एकदा बोलायचं ठरलं तर महिन्याला 480 फॉलो-अप. 26 दिवसांत वाटले तर रोज 18, शिवाय रोज एक-दोन नव्या माणसांची तासभराची पहिली बैठक. एकट्यानं हे होत नाही. आणि हे 40 जण येणार कुठून? तुम्ही म्हणता, रुग्णालयातले डॉक्टर पाठवतील. पण तुम्ही गेल्यावर रुग्णालय तुमच्या जागी दुसरी डाएटिशियन नेमेल, आणि डॉक्टर सगळ्यात आधी तिच्याकडेच पाठवतील. बाहेरच्या डॉक्टरांना रुग्णामागे काही द्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत असं कमिशन घ्यायला मनाई आहे.

मी पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी 8 नवे क्लायंट धरतो. म्हणजे 24,000. गाळ्याचं भाडं 18,000, रिसेप्शनवरच्या मुलीचा पगार 10,000, वीज-फोन-जाहिरात 10,000: एकूण 38,000. क्लिनिक स्वतःचाच खर्च भागवत नाही. घरात पतीच्या पगारातून कर्जाचा हप्ता गेल्यावर 27,000 उरतात, खर्च 38,000, म्हणजे 11,000 ची तूट. त्यात पॉलिसीचे 12,500. तुमची महिन्याची गरज झाली 61,500 आणि मिळकत 24,000. वर्षाला साडेचार लाखांचा खड्डा, वर सुरुवातीचे 6 लाख. साडेतीन लाखांची एफडी आणि अडीच लाखांचं गोल्ड लोन दार उघडायच्या दिवशीच संपलेलं असेल.

हीच बेरीज उलटी करून बघा. पॉलिसी नाही, गाळा नाही, रिसेप्शन नाही. मग नोकरी सोडल्यावर तुम्हाला घरातली तूट 11,000, प्रवास-फोनचे 5,000 आणि मेडिक्लेमचे साडेतीन-चार हजार एवढंच लागतं. महिन्याला 20,000. 61,500 कमावणं आणि 20,000 कमावणं यात फार फरक आहे.

वीस हजार गाळ्याशिवाय कसे मिळतील, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. साडेचारपैकी तीन वर्षं तुम्ही डायलिसिस विभागात काढली. हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि क्लिनिकच्या पाटीवर मात्र 'वेट लॉस' लिहायला निघालात! वजन घटवून देणारे हजारो आहेत. त्यांतल्या कित्येकांकडे तीन दिवसांचं प्रमाणपत्र असतं, आणि दरही तेच पाडतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसआधी प्रथिनं कमी द्यायची असतात आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवायची, सोबत पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी सांभाळायचं. हे गणित जमणारी माणसं जिल्ह्याच्या शहरात मोजकी असतात. 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही केंद्रं सुरू झाली, खासगी केंद्रं वेगळीच. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळ डाएटिशियन परवडत नाही, पण आठवड्यातून दोनदा येणारी चालते. मधुमेहतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ यांच्या ओपीडीतही तसंच. आठवड्याला 4 भेटी, भेटीला 1,000 मिळाले तरी महिन्याचे 16,000 झाले. वर 10-12 जणांचे ऑनलाइन फॉलो-अप. वीस हजार गाठले.

इतर वाटांचाही विचार करा. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात तुमच्या व्यवसायाला वेगळा वर्ग आहे. त्यात क्लिनिकल आणि फूड सर्व्हिस डाएटिशियन, सार्वजनिक आरोग्य आणि क्रीडा पोषणतज्ज्ञ असे प्रकार नोंदले आहेत. कारखाने आणि वसतिगृहांची स्वयंपाकघरं, खाद्यकंपन्यांतलं लेबलिंगचं काम, कुपोषित मुलांची पुनर्वसन केंद्रं, अध्यापन हे सगळं तुमच्या शिक्षणात बसतं. सरकारी नोकरीची आशा असेल तर अर्ज जरूर करा, पण तिच्या भरवशावर बसू नका. रेल्वेच्या 2024 च्या भरतीत डाएटिशियनचा सुरुवातीचा मूळ पगार 44,900 होता, जागा मात्र देशभरात 5.

राजीनामा पुढच्या महिन्यात नको. पाच वर्षं पूर्ण व्हायला 7 महिने उरले आहेत. पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, मिळते: मूळ पगार 24,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, साधारण 69,000. आज बाहेर पडलात तर त्यावर पाणी सोडावं लागेल. पीएफलाही हात लावू नका. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेला पीएफ करपात्र होतो, आणि नंतरही तो तिथेच वाढू द्यावा.

या 7 महिन्यांत दोन कामं करा. एक म्हणजे नेमणूकपत्रात बाहेर काम करायला मनाई आहे का ते वाचा, असेल तर लेखी परवानगी मागा. कदाचित रुग्णालयच पुढे तुम्हाला आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून ठेवेल, विचारायला हरकत नाही. दुसरं, रुग्णालयाचा गट आरोग्य विमा तुमच्या शेवटच्या दिवशी संपतो, तेव्हा घराचा मेडिक्लेम आजच घ्या. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांची पॉलिसी वेगळी घ्या, नाहीतर सगळ्यांचा हप्ता त्यांच्या वयावर ठरेल.

तुमच्या यादीतलं अडीच लाखांचं बॉडी कॉम्पोझिशन मशीन, म्हणजे शरीरातली चरबी आणि स्नायू मोजणारं यंत्र, नको. शरीरातल्या पाण्याप्रमाणे त्याचे आकडे हलतात, आणि डायलिसिसच्या रुग्णात तर ते पाणीच रोज बदलतं. चांगला वजनकाटा, उंचीमापक, टेप आणि चरबीची जाडी मोजणारा कॅलिपर दहा-पंधरा हजारांत होतात. प्रोटीन पावडरचा साठाही घेऊ नका. ज्या रुग्णाची प्रथिनं तुम्ही ग्रॅमात मोजता, त्यालाच डबा विकायला लागलात तर तुमच्या सल्ल्याची किंमत संपते.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही नको. पॉलिसीचे दीड लाख परत आले की तुमच्याकडे 5 लाख होतात. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 59,000, सहा महिन्यांचे साडेतीन लाख. तेवढी एफडी तशीच राहू द्या. उरलेले दीड लाख हे तुमच्या व्यवसायाचं भांडवल, त्यात लॅपटॉप, उपकरणं आणि साधी वेबसाइट सहज बसते. बाहेरची मिळकत सलग सहा महिने 20,000 च्या वर राहिली की राजीनामा द्या. गाळ्याचा विचार त्याच्या वर्षभरानंतर करा, आणि तेव्हाही आधी एखाद्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास भाड्यानं मिळतात का ते बघा.

पतीच्या टर्म विम्याबद्दल पत्रात काहीच नाही. नसेल तर तुमच्या आधी त्यांचा घ्या. नोकरी सोडल्यावर घरकर्जाचा हप्ता फक्त त्यांच्याच पगारातून जाणार आहे.