रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट ऐकेना

"रिपोर्ट चांगले आले की लोकांना हायसं वाटतं, मॅडम. मला धडकी भरते. म्हणजे अजून सापडलंच नाही!"

चौतिशीतला माणूस, मांडीवर जाडजूड फाइल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन वर्षं त्याच्या पोटाने छळ मांडला होता. मुरडा येऊन घाईघाईने शौचाला पळावं लागायचं, कधी दिवसातून पाच वेळा, मग दोन दिवस पोट गच्च. रक्त, मल, सोनोग्राफी, शेवटी कोलोनोस्कोपीसुद्धा (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली. कुठेच काही नाही. पोटविकारतज्ज्ञांनी 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', म्हणजे आयबीएस, असं निदान लिहून त्याला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं. त्याने त्याचा अर्थ काढला, 'तुम्हाला काही झालेलं नाही, आता डोकं तपासून घ्या.'

पहिल्याच भेटीत मीही माती खाल्ली. विसाव्या मिनिटाला विचारलं, "कामाचा ताण कितपत असतो?" त्याने फाइल बंद केली. "म्हणजे तुम्हीही तेच म्हणणार." प्रश्न गैर नव्हता, पण फार लवकर आला. ज्याला दोन वर्षं खरीखुरी कळ येते आहे, त्याला ती कळ खरी आहे असं आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या भेटीत ताणाचं नाव न घेता मी कागदावर आतडी काढली. चित्र वाईट आलं, पण काम झालं. आपण पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून रोज 8 ते 9 लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक लहान आतडं शोषून घेतं. लीटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथेही शोषण होऊन शेवटी मलातून जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर बाहेर पडतो. हे शोषण व्हायला वेळ लागतो. आतडं घाईने पुढे ढकलू लागलं तर पाणी शोषलं जाण्याआधीच बाहेर येतं, म्हणजे पातळ होतं. फार रेंगाळलं तर पाणी जास्त ओढलं जातं, म्हणजे खडा होतो. आतड्याला जखम नसते, सूजही नसते, फक्त चालीचा ताल बिघडलेला असतो. आणि कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं, त्याची चाल मोजली जात नाही.

तो पुढे सरकून बसला. "मग दुखतं का?"

आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत असं दिसलं आहे की इतरांना नुसता दाब जाणवतो, तेवढ्याच फुगवट्याला यांच्यातल्या अनेकांना कळ येते. त्याचा त्रास सुरू झाला तो जुलाब-उलट्यांच्या एका जोरदार आजारानंतर. हेही नेहमीचंच. जंतू निघून जातात, पण काही जणांच्या आतड्याच्या नसा त्यानंतरही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, जागत्या पहारेकऱ्यासारख्या ताठ राहतात.

एवढं झाल्यावर मेंदूचा विषय त्यानेच काढला. "पण मीटिंगच्या दिवशीच का होतं?"

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. ते बरंचसं काम मेंदूला न विचारता उरकतं, पण दोघांत अखंड बोलणं चालू असतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेतले दहापैकी सुमारे आठ तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे, निरोप नेतात. उलट बाजूने, मेंदूला धोका वाटला की जी रसायनं सुटतात त्यांचा परिणाम गमतीदार असतो (भोगणाऱ्याला गंमत वाटत नाही, हे मान्य): जठर मंदावतं आणि मोठं आतडं वेग घेतं. वर ब्रेक, खाली ॲक्सिलरेटर. भूक मरते, पोट तुंबल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी पळावंही लागतं. 'भीतीने पोटात गोळा आला' म्हणताना आपण अलंकार वापरत नसतो. विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने तर हे डोळ्यांनी पाहिलं. 1822 मध्ये बंदुकीची गोळी लागलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या पोटाला कायमचं छिद्र राहिलं, त्यातून ब्यूमाँट पचन न्याहाळायचा. रुग्ण रागावला की पचन बिघडतं, अशी त्याची नोंद आहे.

आता माझ्यासमोरच्या माणसाची दिनचर्या. बाहेर पडायचं असेल तर तो सकाळपासून काही खायचा नाही आणि रात्री घरी आल्यावर एकदम भरपेट जेवायचा. वाटेतली सगळी स्वच्छतागृहं तोंडपाठ. बॅगेत कपड्यांचा जोड. मी दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली: कधी खाल्लं, कुठे गेला, खरोखर जावं लागलं का. त्याला खात्री होती की 'दर वेळी' त्रास होतो. वहीत अकरा प्रवास निघाले, त्यातले दोन त्रासाचे. उरलेल्या नऊ वेळा फक्त भीती वाटली होती. ती वही तो बराच वेळ उलटसुलट बघत राहिला.

उपाशी राहण्याची युक्ती तर त्याच्यावरच उलटत होती. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, ही प्रत्येकाच्याच शरीरातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि जेवण जितकं मोठं नि तेलकट, तितकी ती जोरदार. दिवसभराचं एकदम पोटात ढकललं की आतडं दणका देणारच. थोडं थोडं, ठरल्या वेळी खाणं हा पहिला बदल. मग मुद्दाम सराव: जवळच्या ठिकाणी खाऊन जायचं, स्वच्छतागृह शोधायचं नाही, कळ आली तर पोटाने श्वास घेत उच्छ्वास लांबवत पाच मिनिटं थांबायचं आणि कळेची लाट ओसरते का ते बघायचं. बहुतेक वेळा ओसरली. एकदा नाही ओसरली, तो पळाला, वेळेत पोचला आणि पुढच्या भेटीत हसत सांगितलं. माझ्या मते तीच खरी कलाटणी.

त्याचा नेहमीचा प्रश्न दर भेटीत यायचाच: "पण कॅन्सर राहून गेला असेल तर?" आयबीएसचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. मात्र मलातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रक्ताची कमतरता, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, यातलं काहीही असलं तर समुपदेशकाची खुर्ची नंतर, आधी डॉक्टर. हे त्याला मी लिहूनच दिलं. त्याच्याबाबतीत यातलं काही नव्हतं, तपासण्याही पुरेशा झाल्या होत्या. म्हणून 'आणखी एक टेस्ट' या मागणीला आम्ही, म्हणजे त्याच्या डॉक्टरांनी आणि मी, ठरवून नकार दिला. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा त्याला आठवडाभरही पुरत नव्हता.

असे उपाय नवे नाहीत. पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये आतड्यावर लक्ष केंद्रित करणारी संमोहनचिकित्सा वापरून 1984 मध्येच चांगले परिणाम दाखवले होते. आमच्या गड्याला त्याची गरज पडली नाही. डॉक्टरांचं औषध चालू होतं, ते त्यांनीच हळूहळू कमी केलं.

आठव्या भेटीला तो फाइल न घेता आला. अजून महिन्यातून एक-दोन दिवस पोट बिघडतं, असं म्हणाला. निघताना दारात थांबला.

"कपड्यांचा जोड अजून बॅगेतच आहे, मॅडम. काढू का?"

"जड होतोय का?"

"नाही."

"मग असू दे की."