बेकरीला आपला शब्द

चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस ना, "मातेओकडे स्पॅनिशमध्ये बेकरीला पानादेरिया म्हणतात, आपल्याला आपला शब्दच नाही का? मी वर्गात बेकरी सांगितलं तर सगळे म्हणाले हे इंग्लिशच आहे." मी नुसतं हं केलं. पण लागलं मला ते.

आहे शब्द. आम्ही भट्टी म्हणायचो, पावाची भट्टी. साताऱ्याला माईआजी मे महिन्यात रवा, मैदा, पिठीसाखर, घरचं तूप सगळं मोजून द्यायची आणि नानाकाकाच्या सायकलवर मागे मी, मांडीत पत्र्याचा रिकामा डबा. भट्टीवाला आपल्याच सामानाची नानकटाई करून द्यायचा, पण नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास बसायला लागायचं. लांब दांड्याच्या फळीने तो ट्रे आत सरकवायचा, बाहेर आला की प्रत्येक नानकटाईवर बारीक तडे गेलेले. येताना डबा इतका गरम की फ्रॉकखाली मांडी लाल व्हायची, तरी मी सोडायचे नाही.

त्याच माईने पाव मात्र कधी तोंडात घातला नाही. पाव खाल्ला की माणूस बाटतो म्हणायची. नानकटाई कशी चालते मग, हे मी कधी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं. तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण तू तिला वाईटही समजू नकोस, तिने लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

कारण पाव आला ख्रिस्ती पोर्तुगीजांबरोबर. वसईत ते १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, गोव्यात तर १९६१ पर्यंत. त्यांचा 'पांव' तो आपला पाव, पाव किलोशी त्याचा काही संबंध नाही. मातेओचा 'पान' आणि हा, दोन्ही लॅटिन 'पानिस'चे, म्हणजे सख्खे भाऊच. पोर्तुगीजांत बेकरी म्हणजे पादारिया, पाव भाजणारा पादेइरो, त्याचाच गोव्यात पोदेर झाला, सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो तो. भट्टी मात्र संस्कृत 'भ्राष्ट्र'वरून आलेली, भाजायचं भांडं.

मातेओला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे. आणि तू बेकरी म्हणालीस ते चुकलं नाही गं, आमच्या भट्टीच्या पाटीवरही बेकरीच लिहिलेलं होतं, मराठीत, लाल अक्षरात.

आई